दिलेली प्रत

२००९ सालच्या उन्हाळ्यात आमच्या महिला मंडळाला एक जुना संगणक मिळाला. काचीगुड्याच्या एका श्रावकांनी पेढीवर नवा घेतला आणि जुना मंडळाला देऊन टाकला. आम्ही त्याला कुंकवाचं बोट लावलं, फ्रॉकच्या कापडाचं झाकण शिवलं आणि ठरवलं, की दशलक्षण पर्वाच्या आत सगळं काम यात आणायचं. सभासदांचे पत्ते, पाठशाळेतल्या मुलांची नावं, देणग्यांच्या पावत्या. पर्वाच्या दहा दिवसांत देणगीदारांची रांग लागते आणि जुन्या वहीत नाव शोधता शोधता बोटं काळी होतात, हे ज्यांनी केलंय त्यांनाच माहीत.

महिन्याभरात संगणकात व्हायरस शिरला आणि तो उघडेनासा झाला. दुरुस्तीवाला मुलगा आला. म्हणाला, "पूरा उडा के नया विंडोज डालना पडता अम्मा. दो सौ रुपये." मी विचारलं, "ओरिजिनल?" तो हसला. "ओरिजिनल घर में कौन डालता अम्मा?"

बोलला ते खरंच होतं. त्या काळात कुणाच्या घरी अस्सल प्रत होती? माझ्याही नव्हती. पण हा संगणक मंदिराच्या आवारातला. मंडळाच्या बैठकीत मी दोनशे रुपयांचा खर्च मंजुरीला ठेवला, तेव्हा आमच्यातल्या सर्वांत ज्येष्ठ आजींनी सरळ विचारलं, "याची पावती मिळणार का?" मी म्हटलं, नाही. "मग ही वस्तू आपल्याला नेमकी दिली कुणी?"

कुणी काही बोललं नाही. अचौर्य अणुव्रताचा अर्थ आम्ही पाठशाळेत मुलांना शिकवतो: अदत्तादान, म्हणजे जे दिलेलं नाही ते घेणं. चोरीचा माल दुसऱ्याकडून घेणं हाही त्या व्रताचा अतिचार, हेही शिकवतो. आजींना संगणकातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण त्यांनी बोट बरोबर जागेवर ठेवलं होतं.

खरं तर कायद्यानेही हेच सांगितलेलं आहे. आपला कॉपीराइटचा कायदा १९५७ चा. १९८४ च्या दुरुस्तीने संगणकाचा प्रोग्राम हा 'साहित्यकृती' मानला गेला, म्हणजे कादंबरी जशी परवानगीशिवाय छापता येत नाही तसाच प्रोग्राम. १९९४ च्या दुरुस्तीने तर जाणूनबुजून चोरीची प्रत वापरणाराही गुन्हेगार ठरला. पण गल्लीतल्या दुकानात दोनशे रुपयांत मिळणाऱ्या सीडीला कायदा वाचता येत नाही.

हा प्रश्न आपल्याकडे नव्याने निघाला असंही नाही. १९७६ मध्ये वीस वर्षांच्या बिल गेट्स यांनी अमेरिकेतल्या हौशी संगणकवाल्यांना उघड पत्र लिहिलं होतं. आमचा प्रोग्राम तुम्ही पैसे न देता एकमेकांना वाटता, मग चांगले प्रोग्राम लिहायचे कुणी आणि कशाच्या जोरावर, असा त्यांचा सवाल होता. ज्याने रात्रंदिवस खपून काही तयार केलं, त्याला मोल मागायचा हक्क आहे. ही बाजू मला पटते. शिलाईचे पैसे बुडवणारं गिऱ्हाईक कुठल्या बाईला आवडतं?

पण त्याच देशात दुसऱ्या एकाने वेगळाच विचार केला. रिचर्ड स्टॉलमन हे एमआयटीच्या प्रयोगशाळेत काम करत. तिथे आलेल्या नव्या प्रिंटरमध्ये कागद अडकायचा. आधीच्या प्रिंटरचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचं माणसाला वाचता येईल असं मूळ लिखाण, हाताशी असल्याने त्यांनी त्यात सुधारणा केली होती. नव्याचं लिखाण ज्याच्याकडे होतं त्याने ते द्यायला नकार दिला. न देण्याचा करार करून बसला होता. विकत आणलेला पापड आणि पापडाचं प्रमाण यात जो फरक, तोच इथे. पापड खारट लागला तर खाणारी काय करणार? प्रमाण माहीत असेल तर पुढच्या खेपेला मीठ कमी घालेल, शेजारणीलाही सांगेल.

स्टॉलमन यांनी १९८३ च्या सप्टेंबरात 'ग्नू' नावाचा प्रकल्प जाहीर केला. सगळ्यांना वापरता, वाचता, बदलता आणि वाटता येईल अशी पूर्ण प्रणाली लिहायची. १९८९ मध्ये त्यांनी त्यासाठी एक परवाना तयार केला, तो जीपीएल. त्याची मेख अशी: तुम्ही हवी तेवढी प्रत करा, बदला, विकासुद्धा, पण पुढच्याला देताना सोर्स कोडसकट द्या आणि तुम्हाला मिळालेली मोकळीक त्यालाही द्या. म्हणजे कॉपीराइट मोडला नाही, त्याचाच आधार घेऊन देण्याची वाट कायदेशीर केली.

या घराला एक खांब मात्र उभा राहत नव्हता. प्रणालीचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो तयार होईना. तो आला फिनलंडहून. हेलसिंकी विद्यापीठातला एकवीस वर्षांचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने २५ ऑगस्ट १९९१ ला कळवलं, की मी हौस म्हणून एक छोटी प्रणाली लिहितोय, काही फार मोठं नाही. तेच लिनक्स. १९९२ मध्ये त्याने ते जीपीएलखाली आणलं आणि जगभरातून हात लागायला सुरुवात झाली. १६ ऑगस्ट १९९३ ला इयन मरडॉक या अमेरिकन विद्यार्थ्याने कर्नल, ग्नू आणि बाकी सगळं नीट जुळवून देणारा 'डेबियन' प्रकल्प जाहीर केला. त्या वेळच्या आपल्या मैत्रिणीचं नाव डेब्रा, स्वतःचं इयन, म्हणून डेबियन. पुढे त्या दोघांचं लग्न झालं, ते मोडलंही, आणि २०१५ मध्ये इयन वारला. पण स्वयंसेवकांनी प्रकल्प चालू ठेवला. नावात एका बाईचा अर्धा वाटा आहे, हे मला माझ्या लेकीने सांगितलं तेव्हा उगाच बरं वाटलं.

लेक तेव्हा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. आजींचा प्रश्न मी घरी येऊन सांगितला तर म्हणाली, "आई, अगं मग लिनक्स टाकू ना! ते तर दिलेलंच आहे."

हे ती कुठून शिकली? हैदराबादेतच. आपल्या या शहराचं संगणकाशी नातं हायटेक सिटीपासून सुरू झालं असं आजची मुलं समजतात. सायबर टॉवर्स १९९८ मध्ये उभे राहिले, त्याच वर्षी आयआयआयटी सुरू झाली आणि मायक्रोसॉफ्टनेही इथे विकास केंद्र काढलं, हे खरंच. पण त्याच्या तीस वर्षं आधी, १९६७ मध्ये, ईसीआयएल ही सरकारी कंपनी इथे स्थापन झाली होती. तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्रात तयार झालेल्या टीडीसी मालिकेचे देशी संगणक तिने बनवले. म्हणजे यंत्र आपल्या हातांनी उघडून बघायची सवय या गावाला जुनी आहे. सिकंदराबादच्या पार्कलेनला चेनॉय ट्रेड सेंटरमध्ये सुटे भाग घेऊन संगणक जुळवणारी पोरं ही त्याच सवयीची नातवंडं.

आणि २००५ मध्ये इथल्या स्वतंत्र सॉफ्टवेअरच्या कार्यकर्त्यांनी तेलुगूतून चालणारी प्रणाली काढली. तिचं नाव 'स्वेच्छा'. तेलुगूतही तो शब्द आहे, मराठीतही आहे. हीच मंडळी कॉलेजांमधून शिबिरं घेत. लेकीने तशाच एका शिबिरात हातात सीडी धरून शेजारच्या मुलीच्या संगणकात लिनक्स बसवलं होतं. फुकट सीडी पोस्टाने मागवायचीही सोय त्या काळात होती. उबुंटू ही २००४ मध्ये निघालेली प्रणाली घरपोच सीड्या पाठवायची. त्याआधी नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात संगणकाच्या मासिकांबरोबर लिनक्सची सीडी मिळे, आणि ती होस्टेलभर फिरे. कारण दुसरा मार्गच नव्हता. इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला सर्वांसाठी खुलं झालं, पण ते फोनच्या तारेवरून. मोडेम किरकिरायचा, घरचा फोन अडकून बसायचा, कॉलचं मीटर पळायचं. एक सीडीभर माल उतरवायचा तर चाळीसेक तास सलग लागले असते. तेवढ्यात कुणाच्या तरी सासरहून फोन येणारच!

ब्रॉडबँड आलं आणि हे बदललं. ऑक्टोबर २००४ च्या सरकारी धोरणाने व्याख्या केली: सेकंदाला किमान २५६ किलोबिट आणि सदा चालू. जानेवारी २००५ पासून बीएसएनएलने ते घरोघरी द्यायला सुरुवात केली. आज हसू येईल इतका तो वेग कमी, पण फोन मोकळा राहायचा, ही केवढी सोय! पाचशे रुपयांच्या लोकप्रिय योजनेत महिन्याला १ जीबी, आणि रात्री दोन ते सकाळी आठ मात्र कितीही उतरवा, त्याची मोजदाद नाही. या सहा तासांवर तेव्हाच्या विद्यार्थ्यांची एक पिढी जागली.

आता हिशोब मांडू. २५६ किलोबिट म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त ३२ किलोबाइट. तासाला साधारण ११० एमबी. सहा तासांत साडेसहाशे एमबीच्या आसपास, म्हणजे एक सीडीभर, तेही तार नीट चालली तर. दिवसा उतरवलं तर महिन्याच्या कोट्यातला मोठा वाटा एका दमात संपणार. म्हणून आमचा मुहूर्त ठरला रात्री दोनचा.

डेबियनची एक छोटी सीडी मिळते. तिला नेटइन्स्ट म्हणतात. तिच्यात फक्त बूड असतं, बाकीचं सामान बसवता बसवता इंटरनेटवरून येतं. लेकीने ती आदल्या रात्री उतरवून सीडीवर उतरवली होती. मंडळाचा संगणक रिक्षाने घरी आणला, कारण तार आमच्या घरात. पहिली अडचण तारेचीच. मोडेमला मागे दोन तोंडं होती, एक यूएसबीचं आणि एक लॅनचं. आम्ही यूएसबीची वायर लावून बसलो. ते तोंड चालायला विंडोजचा वेगळा प्रोग्राम लागायचा. लेकीने कपाळावर हात मारला, लॅनची जाडी वायर लावली आणि संगणकाला तार दिसली.

पडद्यावर पहिला प्रश्न भाषेचा आला. यादी लांबलचक होती. लेक खाली खाली जात थांबली आणि मला हाक मारली, "आई, इकडे ये." यादीत 'मराठी' होतं.

मैत्रिणींनो, हैदराबादेत मराठी असणं काय असतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. आमचं मूळ मराठवाड्यातलं. निजामाच्या काळात हे आमचं राजधानीचं शहर. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि जे इथे राहिले ते आपल्याच गावात परप्रांतीय झाले. बाजारात दखनी, दवाखान्यात तेलुगू, मुलांच्या शाळेत इंग्रजी. मराठी उरली देवघरात, ओट्यापाशी आणि इसामिया बाजारातल्या ग्रंथसंग्रहालयात. आणि इथे रात्री सव्वादोनला एक यंत्र मला मराठीत विचारत होतं, तुमचा देश कोणता.

त्यामागे काय होतं ते नंतर कळलं. डेबियनची जी आवृत्ती १४ फेब्रुवारी २००९ ला निघाली, तिच्या बसवणीत पाच भाषा नव्याने आल्या, त्यात मराठी एक. एकूण ६३ भाषा झाल्या. या आवृत्त्यांना 'टॉय स्टोरी' या सिनेमातल्या खेळण्यांची नावं देतात; हिचं नाव लेनी, म्हणजे त्यातली दुर्बीण. कुणीतरी बसून एक एक वाक्य मराठीत लिहिलं होतं, तपासलं होतं. इतक्या थोड्या लोकांसाठी कोण करतं असं काम? पण केलं होतं.

पुढे डिस्कचे भाग पाडायचा प्रश्न आला. इथे चुकलं की जुनं सगळं जातं, म्हणून लेकीने मला दोनदा विचारलं, "नक्की?" मग 'मिरर' निवडायचा. मिरर म्हणजे आरसा. एकच भांडार जगभरच्या विद्यापीठांनी, संस्थांनी आपापल्या जागी जसंच्या तसं प्रत करून ठेवलेलं असतं. जो जवळ असेल त्याच्याकडून घ्या. या लेनीच्या भांडारात २३,००० हून जास्त पॅकेजेस होती. आपल्याला हवं त्याची यादी दिली की त्याला लागणारं बाकीचं सामान आपणच शोधून आणायचं, हे काम 'ऍप्ट' नावाची सोय करते. डेबियनच्या १९९९ च्या आवृत्तीपासून ती आहे. प्रत्येक गठ्ठ्याला मोहोर असते, वाटेत कुणी भेसळ केली तर ती जुळत नाही. दुरुस्तीवाल्याच्या सीडीत व्हायरस होता की नव्हता हे आम्हाला कळायचा मार्ग नव्हता. इथे होता.

चार वाजता वीज गेली.

दोघी अंधारात बसून राहिलो. वाटलं, गेली रात्र. अर्ध्या तासाने वीज आली. मूळ प्रणाली बसून झाली होती आणि जे गठ्ठे पूर्ण उतरले होते ते डिस्कवर जसेच्या तसे होते. जो अर्धा राहिला होता तिथून काम पुढे निघालं. आठच्या ठोक्याला लेकीने वायर काढली आणि उरलेलं दुसऱ्या रात्री केलं.

सगळं गोड झालं असं सांगणार नाही. मंडळाचा प्रिंटर दोन दिवस हूं की चूं करेना. मुख्य म्हणजे जुनी सभासद यादी आम्ही आधी एका जुन्या मराठी फॉन्टात टाइप केली होती. युनिकोडच्या आधीच्या त्या फॉन्टांमध्ये आत इंग्रजी अक्षरांचे संकेत आणि वर मराठीचं सोंग असायचं. फॉन्ट नाही तर यादी म्हणजे नुसता कचरा. ती मंडळातल्या चौघींनी पुन्हा पहिल्यापासून टाइप केली. 'दुसऱ्या', 'सोनाऱ्याची' असे शब्द आले की तो चंद्रकोरीसारखा र नीट उमटतोय का ते बघायचं. तो र मराठीत पदोपदी लागतो, हिंदीला त्याची गरज पडत नाही, म्हणून बनवणारे त्याला विसरतात. आमच्या पडद्यावर तो बरोबर आला. पुरुष मंडळींनी विचारलंही, "हे शिकून मुलांना नोकऱ्या मिळणार आहेत का?" आम्हाला नोकरी नको होती, पावत्या हव्या होत्या. पर्वाच्या पहिल्या दिवशी पहिली पावती छापली, ती आजींच्याच नावाची.

त्यांनी ती हातात घेतली आणि पुन्हा तोच प्रश्न केला, "हे कुणी दिलं?"

मी जमेल तसं सांगितलं. फिनलंडचा मुलगा, अमेरिकेतला प्रिंटर, मराठीत वाक्यं लिहिणारी माणसं. परवान्यात लिहिलंय, प्रत करा आणि पुढे द्या. आजी म्हणाल्या, "म्हणजे शास्त्रदान."

मला त्या क्षणी अत्तिमब्बे आठवली. हैदराबादपासून फार लांब नाही, पश्चिम चालुक्यांच्या राज्यात, दहाव्या शतकात होऊन गेलेली ही श्राविका. पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या तिने एक हजार प्रती लिहवून घेतल्या आणि वाटल्या. ताडपत्रावर, लेखणीने कोरून, एक एक अक्षर. रन्न कवीला तिचा आश्रय होता. लक्कुंडीला तिने बांधवलेलं जिनालय आजही उभं आहे. ग्रंथ टिकायचा तर त्याच्या प्रती अनेक ठिकाणी हव्यात, हे तिला कळलं होतं. जगभर आरसे ठेवणाऱ्यांनाही तेच कळलेलं आहे. दोन्ही गोष्टी एकच असं मी म्हणत नाही. शास्त्र ते शास्त्र, यंत्र ते यंत्र. पण प्रत करून देणं आणि प्रत करून लांबवणं यातला फरक दोन्हीकडे एकाच ठिकाणी आहे: देणाऱ्याने दिलं होतं का?

आता घरोघरी फायबर आहे. साडेसहाशे एमबी चहा उकळेपर्यंत येतात आणि रात्री दोनला कुणी उठत नाही. २०२३ च्या सप्टेंबरात डेबियनवाल्यांचं जागतिक संमेलन कोचीला भरलं, भारतात पहिल्यांदाच. लेक आता परगावी असते. मंडळाचा तो संगणक केव्हाच मोडीत गेला.

पण त्या वर्षी पर्व संपल्यावर शेजारच्या पाठशाळेतली एक बाई आमच्याकडे आली होती. तिच्याकडेही एक जुना संगणक होता आणि तोच दोनशे रुपयांचा प्रश्न. लेकीने तिच्यासाठी सीडीची प्रत काढली. बाई हळू आवाजात म्हणाली, "ताई, कुणाला सांगायचं नाही ना?"

लेक म्हणाली, "सगळ्यांना सांगा, मावशी. आणि कुणी मागितली तर त्यांनाही काढून द्या."